काला, काळा आणि काळो

गैरसमज : अलिबाग-उरणकडची आगरी बोली म्हणजे बिघडलेली मराठी.

वस्तुस्थिती : आगरीत गाडीची ‘गारी’ होते, पाण्याचं ‘पानी’, डोळ्याचा ‘डोला’. शब्दाच्या सुरुवातीला नसलेल्या ड, ण, ळ यांची जागा नेमाने र, न, ल घेतात. त्यामुळे ‘काला घोरा’ हा जिभेचा दोष नव्हे, तो नियम आहे. अशा नियमांच्या आधारेच भाषांची हरवलेली रूपं शोधता येतात.

गैरसमज : संस्कृतातही ‘काल’ आहे, म्हणजे आगरीचा ‘काला’ मराठीच्या ‘काळा’पेक्षा जुना.

वस्तुस्थिती : इथे भलेभले फसतात. मराठीत येताना दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा ‘ळ’ झाला. प्राकृत ‘भल्ल’मधला जोड ‘ल्ल’ मात्र ‘भला’मध्ये ‘ल’ म्हणून राहिला. मराठी आणि कोकणीने हा भेद सांभाळला. आगरीत पुढे दोन्ही एक झाले. फक्त आगरीच उरली असती, तर ‘काला’ आणि ‘भला’ यांतले ल मुळात वेगळे होते हे कुणालाही कळलं नसतं.

गैरसमज : मूळ रूप हवं तर जुना लेख वाचावा. अलिबागजवळ आक्षीला शके ९३४चा, म्हणजे १०१२ सालचा मानला जाणारा मराठी शिलालेख आहेच की!

वस्तुस्थिती : ‘काळा’सारख्या विशेषणाची सगळी रूपं एका दगडावर कशी मिळतील? ती शेजारच्या भाषा मांडून काढावी लागतात. मराठी काळा, काळी, काळे. कोकणी काळो, काळी, काळें. गुजराती काळो, काळी, काळुं. यांच्यामागे संस्कृतातले -अकः, -इका, -अकं हे शेवट दिसतात. फ्रेंच अभ्यासक ज्यूल ब्लोक यांनी मराठीची अशी घडण १९२०च्या ग्रंथात उलगडली. नपुंसकलिंगातला अनुस्वार हा त्या ‘अकं’चाच अवशेष. मराठी लेखनात ‘काळें’ असा तो १९६२च्या नियमांपर्यंत टिकून होता.

गैरसमज : शेवट झडला की लिंगभेदाचा मागही पुसतो.

वस्तुस्थिती : युरोपातल्या वेल्श भाषेत पांढरा म्हणजे ‘ग्विन’, पांढरी म्हणजे ‘ग्वेन’. शेवट दोन्हींचे गेले, पण स्त्रीलिंगी ‘आ’ने जाता जाता आधीच्या ‘इ’चा ‘ए’ करून ठेवला. जुन्या आयरिशमधलं ‘फिंद’ आणि गॉलच्या भाषेतल्या नावांमधलं ‘विंदो’ शेजारी ठेवून अभ्यासकांनी या भाषांच्या सामायिक पूर्वज भाषेतली, म्हणजे आदि-केल्टिकमधली *विंदोस, *विंदा ही रूपं मांडली. रूपाआधीची चांदणी (*) सांगते, की ही रूपं लिहिलेली कुठेच सापडलेली नाहीत. नवा पुरावा आला तर ती बदलावीही लागतील.