विश्लेषण : घरच्या सुतारकामातील धूळ किती घातक? ती आवरायची कशी?

जिगसॉ, ड्रिल, सँडर अशी यंत्रे घरबसल्या मागवता येऊ लागली आणि सुतारकामाचा छंद फ्लॅटच्या गॅलरीत आणि रिकाम्या खोलीत पोहोचला. काम झाले की जमिनीवरचा भुसा झाडून टाकला जातो, पण फुप्फुसांना त्रास देणारी बारीक धूळ तेव्हाही हवेतच असते.

दिसत नाही ती धूळ किती वेळ तरंगते?

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. करवतीचा जाडा भुसा लगेच खाली पडतो. सँडरमधून मात्र १० मायक्रॉनपेक्षा लहान कणही उडतात. ५ मायक्रॉनच्या कणाला शांत हवेत डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, तर १ मायक्रॉनच्या कणाला कित्येक तास. पंखा सुरू असेल तर बसलेली धूळही पुन्हा उडते.

धोका नेमका काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. हा पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षे या धुळीत काम करणाऱ्या कामगारांचा आहे. हौशी माणसाचे तास कमी असले तरी खोली लहान आणि बंद असते. दमा, शिंका, त्वचेची ॲलर्जी हे त्रास लवकर सुरू होऊ शकतात; सागवान आणि शिसम त्यासाठी ओळखले जातात. एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकाचीही भर पडते.

किती धूळ म्हणजे जास्त?

युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे २ मिलिग्रॅम आहे. १० बाय १२ फुटांच्या, ९ फूट उंच खोलीत सुमारे ३० घनमीटर हवा असते. म्हणजे दिवसभर हवेत अवघी ६० मिलिग्रॅम धूळ राहिली तरी ही मर्यादा गाठली जाते. चिमूटभर मिठाचे वजनही याहून जास्त भरेल.

पहिला उपाय कोणता?

धूळ उडते तिथेच ओढून घेणे. सँडरच्या धूळ-नळीला वेट अँड ड्राय व्हॅक्यूम क्लीनर जोडा. त्यातील साधा फिल्टर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो, म्हणून हेपा फिल्टर लावा. मध्ये झाकणाची बादली असलेला सायक्लोन जोडला तर जाड भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. जिथे जमेल तिथे पॉलिश पेपरऐवजी हाताचा रंधा वापरा. त्यातून मुख्यतः छिलके निघतात.

एअर प्युरिफायर पुरेसा आहे का?

नाही. प्युरिफायरपर्यंत पोहोचण्याआधी धूळ तुमच्या नाकापर्यंत पोहोचलेली असते. उरलेली धूळ टिपायला मात्र तो उपयोगी पडतो. अशा जागेत तासाला ६ ते १० वेळा हवा गाळली जावी, असा हिशेब करतात. वरच्या खोलीत १,०८० घनफूट हवा आहे. ती तासाला ८ वेळा गाळायची तर सुमारे २४५ घनमीटर प्रतितास सीएडीआर लागेल. हा आकडा खोक्यावर पाहून घ्या. एक्झॉस्ट फॅन लावलात तर समोरची खिडकी उघडी ठेवा. फॅनचे तोंड शेजाऱ्यांच्या गॅलरीकडे नको.

मास्क कधी काढावा?

कापडी मास्क बारीक धूळ थांबवत नाही, एन-९५ हवा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. अनेकजण यंत्र बंद होताच मास्क काढतात आणि झाडू हातात घेतात. त्या क्षणी हवेत भरपूर धूळ असते आणि झाडूने ती आणखी उडते. मास्क आणखी अर्धा तास ठेवा. जमीन व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे बाहेरच झटकून मग घरात या.

आणखी एक खबरदारी

बारीक भुसा झटकन पेट घेतो. लोखंड घासताना ठिणग्या उडतात, त्यामुळे भुसा भरलेला व्हॅक्यूम त्या कामाला वापरू नका आणि काम संपल्यावर त्याची पिशवी रिकामी करा.