रीलमध्ये न मावलेली तोफ

बिबवेवाडीत अप्परच्या बसस्टॉपजवळच्या एका टपरीवर माझे दोन मित्र रोज संध्याकाळी चहा प्यायचे. एक इंजिनीअरिंगचा, दुसरा बीकॉमचा. अकरावीपासूनची दोस्ती. गेल्या महिन्यात त्यांचं बोलणं बंद झालं. मुलीवरून नाही, उधारीवरून नाही. १५६५ सालच्या एका लढाईवरून.

झालं असं, की एकाने ग्रुपवर तालिकोटच्या लढाईचं रील टाकलं. तीस सेकंद, मागे जोरदार ढोल, हंपीचे भग्न खांब. मजकूर एवढाच: सगळे सुलतान एक झाले आणि त्यांनी विजयनगर बुडवलं. दुसऱ्याने उत्तरादाखल दुसरं रील टाकलं. त्यात म्हटलं होतं, की धर्माचा यात काही संबंधच नव्हता, सगळा पैशांचा आणि जमिनीचा मामला होता. मग रात्री दोनपर्यंत मेसेज. सकाळी एक जण ग्रुप सोडून गेलेला.

तुमच्याही ग्रुपवर असं झालं असेल. मला विचाराल, तर दोन्ही रील अर्धवट होती. उरलेलं अर्धं शोधायला मी एका तोफेमागे लागले. ती तोफ या सगळ्या भांडणाच्या मधोमध उभी आहे, आणि तिच्या कहाणीचा एक धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत येतो.

नगरची तोफ, रूमचा कारागीर

तोफेचं नाव मलिक-ए-मैदान. आज ती कर्नाटकात विजापूरला शेरझा बुरुजावर आहे, पण तिचा जन्म आपल्याकडचा. १५४९ साली ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली गेली. लांबी साधारण साडेचार मीटर, वजन सुमारे ५५ टन. तोंड इतकं रुंद, की आत माणूस वाकून बसू शकेल. तोंडाला जबडा उघडलेल्या श्वापदाचा आकार दिलाय आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातोय. भर उन्हातही धातू गार लागतो असं तिथे सांगतात. हलकेच टिचकी मारली, की घंटेसारखा आवाज येतो.

ती ओतणाऱ्या कारागिराचं नाव महंमद, आणि नावापुढे लागलंय ‘रूमी’. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. तेव्हा इस्तंबूलच्या गादीवर सुलतान सुलेमान होता आणि त्याच्या तोफखान्याचा जगभर दरारा होता. तोफा ओतण्याची, डागण्याची विद्या येणारी माणसं नोकरी शोधत गुजरात आणि दख्खनच्या बंदरांत उतरत. आज आपल्याकडचे कोडर बाहेर जातात, तेव्हा बाहेरचे तोफची इकडे येत. पगार चांगला होता.

त्या वेळी कसबे पुणे आणि भोवतालचा मुलूख निजामशाहीत होता. म्हणजे आपण आज जिथे चहा पितो, तिथला माणूस तेव्हा नगरच्या बुऱ्हाण निजामशहाची रयत. या घराण्याचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण घरातला, बाटून मुसलमान झालेला. बुऱ्हाणचा एक पेशवा कंवरसेन हा ब्राह्मण. दरबारातला मोठा विद्वान शाह ताहिर इराणातून जीव वाचवून आलेला. त्याच्या सांगण्यावरून बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथ राज्याचा पंथ केला. तोफेवर ते कोरलेलंच आहे: निजामशहा स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवतो, आणि खाली हिजरी साल ९५६.

म्हणजे धर्म तोफेवर लिहिलेला आहे. पण तोफ वळली कोणाकडे?

मित्र कोण, शत्रू कोण?

इथून पुढे नीट लक्ष द्या, कारण दर पाच-सात वर्षांनी टीम बदलतात.

तोफ ओतली गेली त्या सुमारास बुऱ्हाणचा शत्रू होता शेजारचा विजापूरचा आदिलशहा. आणि मित्र? विजयनगरचा रामराय. दोघांनी मिळून आदिलशाहीचा मुलूख तोडला. १५५२ मध्ये वाटणी झाली, रायचूर रामरायाकडे आणि सोलापूर बुऱ्हाणकडे.

१५५३ मध्ये बुऱ्हाण गेला, मुलगा हुसेन आला. १५५८ मध्ये विजापूरला अली आदिलशहा गादीवर बसला आणि त्याने डाव उलटवला. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा अली मूठभर स्वारांनिशी विजयनगरला सांत्वनाला गेला. मग अली आणि रामराय एकत्र येऊन नगरवर चालून आले, एकदा नाही, दोनदा. नगरचा मातीचा कोट हुसेनने दगडी बांधून काढला, तो याच धास्तीत.

गोवळकोंड्याची गोष्ट याहून विचित्र. तिथला इब्राहिम कुतुबशहा राजपुत्र असताना भावाच्या भीतीने पळाला आणि विजयनगरला रामरायाच्या आश्रयाला सात वर्षं राहिला. मग राजा झाला. आणि तालिकोटला? रामरायाच्या विरुद्ध बाजूला.

एकमेकांचे गळे धरणारे हे सुलतान एकत्र आले कसे? लग्नांनी. हुसेनची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि ज्या सोलापूरवरून इतकी वर्षं रक्त सांडलं होतं, तो किल्ला आंदण म्हणून दिला. अलीची बहीण हुसेनच्या मुलाला दिली. आपल्याला चांदबिबी माहीत आहे ती नगरच्या तटावर तलवार घेऊन उभी राहिलेली. त्याच्या तीस वर्षं आधी ती एका तहाचं कलम होती.

वऱ्हाडची इमादशाही मात्र या युतीत आली नाही. म्हणजे ‘सगळे सुलतान एक झाले’ हेही पूर्ण खरं नाही.

जानेवारी १५६५ मध्ये कृष्णेकाठी गाठ पडली. सत्तरी ओलांडलेला रामराय मैदानात उतरला होता. निजामशाही तोफखाना चलबी रूमीखानाच्या हातात, म्हणजे पुन्हा एक रूमी. ऐन क्षणी त्याने तोफांत तांब्याची नाणी भरून जवळून मारा केला, असं इतिहासकार फेरिश्ता सांगतो. मलिक-ए-मैदानही त्या लढाईत होती असं म्हणतात. रामराय पकडला गेला, हुसेनच्या हुकुमाने त्याचं डोकं मारलं गेलं, आणि पुढचे काही महिने विजयनगर शहर लुटलं, जाळलं गेलं.

मग दुसरं रील बरोबर?

इथपर्यंत वाचून माझा बीकॉमवाला मित्र खूश होईल: बघ, धर्म नव्हताच! थांब जरा.

फेरिश्ताच एक प्रसंग देतो. नगर हरल्यावर हुसेन तहासाठी रामरायाला भेटला. हाताला हात लागला, आणि हुसेनने तिथल्या तिथे पाणी मागवून हात धुतले. रामराय चिडला, कानडीत काहीतरी पुटपुटला आणि त्यानेही पाणी मागवून हात धुतले. दोघेही आदल्या वर्षापर्यंत कोणाही धर्माच्या माणसाशी युती करत होते. पण अपमान करायची वेळ आली, तेव्हा दोघांनाही विटाळच आठवला.

गोव्याकडे पाहा. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य तिथे राहायचा. आपल्या याच बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करायचा, त्याच्याकडे त्याचं जाणं-येणं होतं. १५६३ मध्ये त्याने इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला. पण तो मूळचा ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचं न्यायालय सुरू झालं होतं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून जाळली. या माणसाच्या घरच्यांना ‘सगळा पैशांचा मामला होता’ असं सांगून बघा.

बाकीच्या जगातही हेच मिश्रण दिसतं. फ्रान्सच्या कॅथलिक राजाने कॅथलिक सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध सुलेमानशी हातमिळवणी केली. १५४३च्या हिवाळ्यात तुर्की आरमार फ्रान्सच्या तुलाँ बंदरात मुक्कामाला होतं. दिल्ली हरलेला हुमायून इराणच्या शहाकडे मदत मागायला गेला, तर शहाने आधी शिया हो म्हणून गळ घातली. जर्मनीत १५५५ मध्ये तह झाला, की ज्या संस्थानाचा राजा ज्या पंथाचा, तोच प्रजेचा. कॅथलिक किंवा लुथरन, निवड राजाची. तालिकोट झालं त्याच वर्षी तुर्कांनी माल्टा बेटाला वेढा घातला. माणसं जमिनीसाठी लढत होती आणि धर्मासाठीही. बऱ्याचदा एकाच माणसाच्या मनात दोन्ही होतं.

कोण सांगतंय?

आम्हाला मास कॉमला पहिल्या सेमिस्टरला एक गोष्ट शिकवतात. बातमी हातात आली, की विचारा: कोण सांगतंय, कधी सांगतंय, सांगून त्याला काय मिळतं? हेच फेरिश्ताला लावू या. तो नगरला वाढला, नंतर विजापूर दरबारात नोकरीला लागला आणि त्याने आपला ग्रंथ तालिकोटनंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिला. त्याचा मालक विजेत्यांच्या घराण्यातला. मग ‘आमचे सुलतान धर्मासाठी एक झाले’ ही गोष्ट दरबाराला ऐकायला गोडच लागणार, नाही का? सोलापूरच्या आंदणापेक्षा ती नक्कीच शोभून दिसते.

म्हणून तो खोटा ठरत नाही. नाण्यांचा मारा, हात धुण्याचा प्रसंग आपल्याला त्याच्याकडूनच कळतात. फक्त त्याचं म्हणणं ऐकताना तो कुठे बसून लिहितोय हे लक्षात ठेवायचं. रील बनवणाऱ्यालाही हाच नियम. त्याचा दरबार म्हणजे व्ह्यूज.

तोफ पुढे कुठे गेली?

तालिकोटनंतर युती किती टिकली? पाचेक वर्षांनी नगर आणि विजापूर पुन्हा एकत्र आले, पण पोर्तुगीजांविरुद्ध. आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, निजामशहाने चौलला. आपण अलिबागच्या ट्रिपला जातो तेव्हा वाटेत रेवदंड्याचा जो पडका कोट दिसतो, तोच. दोन्ही वेढे फसले. मग पुन्हा आपापसात भांडणं सुरू.

तोफ आधी परांड्याच्या किल्ल्यावर गेली. तिथून १६३२ मध्ये ती विजापूरला नेली आदिलशाही सरदार मुरारपंतांनी. नाव ओळखीचं वाटतं? हेच मुरार जगदेव. त्याच्या एक-दोन वर्षं आधी त्यांच्याच फौजेने पुणं जाळलं आणि गाढवांचा नांगर फिरवला. त्याच जमिनीवर पुढे जिजाऊंनी बाल शिवाजीराजांच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पुणं बेचिराख करणारा सरदार हिंदू, त्याचा धनी मुसलमान, आणि जहागीर होती शहाजीराजांची. बरं, १६३३ मध्ये हेच मुरारपंत शहाजीराजांसोबत भीमा-इंद्रायणीच्या संगमावर दानधर्म करत होते. तिथे त्यांनी केलेल्या तुलेवरून तुळापूर हे नाव पडलं असं सांगतात.

तोफेवर शेवटची ओळ कोरली औरंगजेबाने, १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर. शिया निजामशहाच्या तोफेवर सुन्नी बादशहाचं नाव. आणि १८५४ मध्ये इंग्रजांच्या अमदानीत हीच तोफ लिलावात निघाली, तेव्हा बोली आली १५० रुपयांची. एका अधिकाऱ्याने विक्री रद्द केली म्हणून ती आज जागेवर आहे.

तिच्यावर तीन लेख आहेत: कारागिराचा, निजामशहाचा, औरंगजेबाचा. यातला एकच वाचला तर तिची गोष्ट कळत नाही. तिन्ही वाचायला बुरुजावर चढावं लागतं आणि थोडा वेळ द्यावा लागतो.

मी तोफेचा फोटो दोघा मित्रांना वेगवेगळा पाठवला, खाली वरची सगळी कहाणी लिहून. इंजिनीअरिंगवाल्याचा प्रश्न आला, ‘५५ टन ओढायला बैल किती लागले असतील?’ बीकॉमवाल्याने विचारलं, ‘ओतायला खर्च किती आला असेल?’ मला दोन्ही उत्तरं माहीत नाहीत. पण दोघांनाही एकच उत्तर दिलं: रविवारी अप्परला ये, त्याच टपरीवर, मिळून काढू.

येतील का, बघू या. तीन कटिंग सांगून ठेवलेत.

बघायचंय? असे जा

• अहिल्यानगर: पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. एका दिवसात होतं. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथल्याच तुरुंगवासात लिहिलं.
• विजापूर: स्वारगेटहून सोलापूर गाठा, तिथून पुढे एसटी किंवा रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर. एक मुक्काम धरा. तोफ शेरझा बुरुजावर आहे.
• रेवदंडा-चौल: अलिबागच्या ट्रिपमध्येच अर्धा दिवस काढा.
• तुळापूर: गाडीने सकाळी निघून दुपारपर्यंत परत. संभाजी महाराजांच्या समाधीस्थळी जाल तेव्हा संगमावरही जरा थांबा.