न्हावरे परिसरातील वन्य प्राणी : अवशेष आणि नावे

शिरूर तालुक्यातील न्हावरे व लगतचा दौंड तालुका हा घोड आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील कमी पावसाचा प्रदेश होय. येथील प्राण्यांच्या इतिहासाची साधने तीन : नदीकाठचे थर, उत्खननातील हाडे आणि लोकांच्या तोंडची नावे. यांपैकी तिसऱ्याची साक्ष नेहमी तपासून घ्यावी लागते.

घोडकाठच्या हिमयुगकालीन थरांत हत्ती व रानबैल यांचे जीवाश्म मिळाले आहेत. मांजरा नदीच्या खोऱ्यात पाणघोड्याचेही मिळाले. मात्र ‘पाणघोडा’ हा शब्द त्या काळाची स्मृती नव्हे. ‘नदीतील घोडा’ या अर्थाच्या ग्रीक नावाचा तो अर्वाचीन अनुवाद आहे. तेव्हा घोड नदीच्या नावाशी त्याचा संबंध जोडणे व्यर्थ होय.

शिरूर तालुक्यातीलच इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील त्या वसाहतीत गुरे व शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर काळवीट, चितळ अशा रानटी प्राण्यांची हाडेही सापडली. ‘चितळ’ हे नाव संस्कृत ‘चित्रल’ म्हणजे ठिपक्यांचा, यावरून आले. ‘चित्ता’ या शब्दाच्या मुळाशीही ‘चित्र’च आहे.

चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी तिलापिया हा आफ्रिकी मासा या देशात आणला गेला. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात तो इतका वाढला की भीमाकाठच्या मच्छीमारांनी त्याला ‘चिलापी’ करून घेतले. ‘इ’ या तालव्य स्वरापूर्वीचा ‘त’ येथे ‘च’ झाला आहे. मूळ शास्त्रीय नाव दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेतल्या ‘मासा’ या अर्थाच्या शब्दावरून १८४० मध्ये घडविले गेले. उपरा प्राणी असा एका पिढीत घरचे नाव मिळवितो.

याउलट, जुने नाव दुसऱ्याच प्राण्याकडे जाते. शिरूरच्या उसात वावरणाऱ्या बिबट्याला गावकरी सहज ‘वाघ’ म्हणतात. म्हणून ‘आमच्याकडे वाघ होता’ ही वृद्धांची आठवण टिपताना अंगावर पट्टे होते की ठिपके, हे त्याच वेळी विचारून घेतले पाहिजे. पाहणारा गेल्यावर केवळ शब्द उरतो, आणि शब्दावरून प्राणी ओळखता येत नाही.