तेलाची लढाई आणि वाटणीची बैठक

मालवणच्या जेटीवर डिझेलचे कॅन होडीत चढवताना आखातातल्या लढाईचा विषय निघाला, की कोणीतरी ठरलेलं वाक्य टाकतोच, "ह्यां सगळां तेलासाठीच चललांहा." बाकीचे माना हलवतात आणि विषय संपतो. वाक्य खोटं नाही, पण त्यापुढचे जे अर्थ आपण गृहीत धरतो त्यातले बरेच चुकीचे आहेत.

पहिला गैरसमज असा, की पुढाऱ्यांनी बोलायचं एक आणि लढायचं दुसऱ्याच कारणासाठी ही तेलाच्या काळातली रीत आहे. आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचं आरमार विजयदुर्गावर चालून आलं. इंग्रजी कागदांत या किल्ल्याचं नाव घेरिया, म्हणजे शेजारचं आपलं गिर्ये. जाहीर कारण होतं, किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे चाचा आहे. आता आंग्रे आपलं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेली जहाजं पकडत, हे खरंच. पण समुद्रात फिरायला स्वतःचे परवाने इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीही देत होती. भांडण चाचेगिरीचं कमी आणि परवाना कोणाचा चालणार याचं जास्त होतं. कंपनीच्या बाजूला पेशवे उभे राहिले, त्यांचं कारण आणखी वेगळं. नानासाहेबांना न जुमानणारा सरदार मोडायचा होता. एका लढाईत दोन मित्र आणि दोघांचे हिशेब निराळे.

त्यातली सर्वात बोलकी गोष्ट लढाईआधीची आहे. आरमार मुंबईतून निघण्यापूर्वीच लुटीची वाटणी कशी करायची याची बैठक झाली. आरमाराचा वाटा किती, फौजेचा किती, ते ठरलं. फौजेचा प्रमुख क्लाइव्ह याला आरमारी कप्तानाइतकाच वाटा मिळणार म्हणून फौजेच्या अधिकाऱ्यांनी कुरकूरही केली. पेशव्यांना या वाटणीत जागाच नव्हती. १२ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या, बंदरातलं आंग्र्यांचं आरमार जळालं आणि दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हातात गेला. आत सुमारे दहा लाखांची लूट मिळाली. किल्ला पेशव्यांना द्यायचा होता, तो महिनोन्‌महिने अडवून धरला. ऑक्टोबरमध्ये बाणकोट आणि आसपासची गावं तहात कबूल करून घेतली, तेव्हा कुठे तो दिला. तुळाजी मरेपर्यंत मराठ्यांच्या कैदेत राहिला.

मालवणच्या सिंधुदुर्गाचंही तेच. १७६५ मध्ये कंपनीने तो घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नावही ठेवलं. पण किल्ला राखण्याचा खर्च परवडेना. मग पावणेचार लाखांवर रुपये घेऊन आणि व्यापाऱ्यांना त्रास न देण्याची हमी लिहून घेऊन तो कोल्हापूरकरांना परत केला.

दुसरा गैरसमज: असले हेतू कायम पडद्याआडच राहतात. राहत नाहीत, फक्त उशिरा बाहेर येतात. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. युरोपकडे जाणाऱ्या तेलाचा मोठा वाटा या कालव्यातून जात असे. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने पॅरिसजवळ सेव्र येथे गुपचूप करार केला: इस्रायलने आधी हल्ला करायचा आणि मग उरलेल्या दोघांनी भांडण सोडवायला आल्यासारखं उतरायचं. ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनी या कराराच्या प्रती नष्ट करायची धडपड केली, पण इस्रायलची प्रत शाबूत राहिली. डिसेंबरमध्ये ईडन यांनी पार्लमेंटात सांगितलं, की हल्ल्याची आपल्याला आगाऊ कल्पना नव्हती. जानेवारीत ते पायउतार झाले.

अमेरिका आणि ब्रिटनच्या इराकवरच्या चढाईचंही तसंच. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी तेलाचा आरोप हास्यास्पद ठरवला. २०११ मध्ये माहितीच्या अधिकारातून मिळालेले कागद छापून आले. २००२ च्या शेवटच्या महिन्यांत ब्रिटनचे मंत्री आणि अधिकारी तेल कंपन्यांशी बसून इराकमध्ये ब्रिटिश कंपन्यांना काय मिळेल याची बोलणी करत होते, हे त्यांतून कळलं. ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने फौजा गेल्या, ती मात्र सापडली नाहीत.

म्हणून "जिंकला त्याने तेल लुटलं" असं म्हणावं, तर तोही गैरसमजच. २००९ मध्ये इराकने लिलाव केले. रुमैला हे मोठं क्षेत्र बीपी आणि चीनच्या सीएनपीसीला मिळून गेलं, तेही बॅरलमागे दोन डॉलर मेहनतान्यावर, तेल इराकचंच. अमेरिकेच्या एक्झॉनमोबिलला वेस्ट कुर्णा-१ मिळालं, पण २०२४ मध्ये ती तिथून बाहेर पडली आणि सूत्रं पेट्रोचायनाकडे गेली. फौजा अमेरिकेच्या, विहिरी बऱ्याचशा चिनी कंपन्यांच्या हाताखाली. मोठ्या सत्तांना पिंपं उचलून न्यायची नसतात. नळ कोणाच्या हातात आहे, याची त्यांना काळजी असते. दस्तकाचं भांडण आठवा.

उलट जिला तेलाची लढाई म्हणावी अशी एक आहे, आणि तिच्यात फारसं गुपित नव्हतं. इराणशी आठ वर्षं लढून कर्जात बुडालेला इराकचा सद्दाम कुवेतवर उघड आरोप करत होता: तुम्ही जादा तेल काढून भाव पाडता, रुमैलातलं आमचं तेल चोरता. २ ऑगस्ट १९९० ला त्याचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. तिथून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणावं लागलं. कोकणात ज्यांच्या घरचं कोणी तेव्हा आखातात होतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

राहिला डिझेलच्या भावाचा गैरसमज, की लढाईने महागतं आणि लढाई थांबली की उतरतं. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, तेव्हा पहिला अर्धा भाग साधारण बरोबर. पण मे २०२० मध्ये जगभर कच्चं तेल मातीमोल झालं असताना केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे तेरा रुपयांनी वाढवला. पंपावर स्वस्ताई पोचलीच नाही. मच्छीमाराला मूल्यवर्धित कराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो, पण आधी खिशातून पूर्ण पैसे मोजल्यावर.

तेव्हा जेटीवर ते वाक्य पुन्हा कानावर आलं तर मान हलवण्याआधी एवढं विचारा, की वाटणीची बैठक कधी झाली आणि तिला कोण कोण होतं. घेरियाच्या वेळी ती तोफा डागण्याआधी झाली होती, इराकच्या वेळीही झाली होती. फक्त इराकचे कागद हाती यायला आठ-नऊ वर्षं लागली.