सिलिसीनचे रासायनिक रूपांतरण

सिलिसीनचे रासायनिक रूपांतरण म्हणजे सिलिकॉनच्या एक अणू जाडीच्या थरावर हायड्रोजन, फ्लोरिन, ऑक्सिजन किंवा सेंद्रिय गट जोडून त्याचे विद्युत गुणधर्म बदलण्याची प्रक्रिया होय. मूळ सिलिसीनमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमधील अंतर जवळजवळ शून्य असते. त्यामुळे त्यापासून बनवलेल्या ट्रान्झिस्टरमधील प्रवाह पूर्णपणे बंद करता येत नाही. हे पट्टा-अंतर निर्माण करणे आणि हवेत न टिकणारा थर टिकवणे, अशी या रूपांतरणाची दोन उद्दिष्टे आहेत. व्यवहारात दुसरे अधिक अवघड ठरले आहे.

रचना

ग्राफीनमध्ये कार्बनचे अणू एकमेकांपासून ०.१४२ नॅनोमीटरवर असून थर सपाट असतो. सिलिकॉनचा अणू मोठा आहे. गणनेनुसार सिलिसीनमधील बंधाची लांबी सुमारे ०.२२८ नॅनोमीटर भरते आणि एवढ्या अंतरावर पाय बंध दुबळा राहतो. परिणामी थर सपाट न राहता एकाआड एक अणू सुमारे ०.०४४ नॅनोमीटर वर-खाली सरकतात. अयन दत्ता आणि दीप्ती जोस या भारतीय संशोधकांनी या सुरकुतीचे स्पष्टीकरण छद्म यान-टेलर परिणामाच्या आधारे दिले आहे.

रासायनिक दृष्टीने ही सुरकुती निर्णायक आहे. ग्राफीनवर हायड्रोजन बसवताना सपाट जाळीतील कार्बन अणू वर ओढावा लागतो. सिलिसीनमधील अणू मात्र चार बंधांच्या चतुष्फलकी मांडणीकडे आधीच अर्धवट झुकलेला असतो. त्यामुळे जोडणी सहज होते. हवेतील ऑक्सिजनही तितक्याच सहजपणे जोडला जातो, हीच अडचण आहे.

इतिहास

या विषयाचा क्रम काहीसा उलटा आहे. रूपांतरित थर आधी मिळाला, मोकळा थर फार नंतर. फ्रीडरिश व्होलर यांनी १८६३ मध्ये कॅल्शियम डायसिलिसाइडवर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून एक पिवळा पदार्थ मिळवला. पुढे १९२०च्या दशकात हान्स काउट्स्की यांनी अशा पदार्थांचा सखोल अभ्यास केला व ते सिलोक्सीन या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांतील सिलिकॉनच्या थरांना हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल गट जोडलेले असतात. हीच क्रिया कमी तापमानाला केल्यास कॅल्शियम निघून जातो आणि मुख्यतः हायड्रोजनयुक्त थर उरतात.

मोकळ्या थराचा सैद्धांतिक विचार ताकेदा व शिराइशी यांनी १९९४ मध्ये मांडला. ‘सिलिसीन’ हे नाव २००७ मध्ये आले आणि २०१२ मध्ये चांदीच्या पृष्ठभागावर हा थर वाढवल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. चांदीचे इलेक्ट्रॉन थराच्या इलेक्ट्रॉनांत मिसळत असल्याने तेथे मूळ सिलिसीनचे गुणधर्म कितपत शिल्लक राहतात, यावर बराच वाद झाला.

जोडलेल्या गटांचा परिणाम

दोन्ही बाजूंनी पूर्ण हायड्रोजन जोडलेल्या थराला सिलिकेन म्हणतात. गणनेनुसार त्याचे पट्टा-अंतर दोन इलेक्ट्रॉनव्होल्टांहून अधिक आहे. घन सिलिकॉनचे अंतर सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, हे येथे लक्षात घ्यावे. फ्लोरिन जोडल्यास अंतर बरेच कमी राहते. नेहमीची घनता-फलन पद्धत अंतर कमी दाखवते, म्हणून निरनिराळ्या शोधनिबंधांतील आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे. चांदीवरील सिलिसीनवर बसवलेला हायड्रोजन सुमारे ४५० केल्व्हिनपर्यंत तापवल्यावर निघून जातो व थर पूर्ववत होतो, असे २०१५ मध्ये दाखवण्यात आले.

सेंद्रिय गटांचा मार्ग वेगळा आहे. जपानमधील संशोधकांनी हायड्रोजनयुक्त थरांना फिनाइल किंवा हेक्झिल गट जोडले. असे थर सेंद्रिय द्रावकांत पसरतात आणि एकमेकांपासून सुटे होतात.

महाराष्ट्रातील संबंधित संशोधन

हायड्रोजनचे प्रमाण थोडेथोडे वाढवत नेल्यास काय होते, या प्रश्नावर पुणे विद्यापीठातील दिलीप कान्हेरे व सहकाऱ्यांनी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांसह ग्राफीनसंदर्भात काम केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गणनेत हायड्रोजनची १८ प्रमाणे तपासली गेली. हायड्रोजन विखरून न बसता दाट बेटे तयार करतो आणि अर्धधातू असलेला थर आधी धातूसारखा व नंतर विसंवाहक बनतो, असे त्यात आढळले. अंतर केवळ प्रमाणावर नव्हे, तर अणू कोठे बसतात यावरही ठरते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा. हायड्रोजनयुक्त जाळीत मोकळ्या अणूंचे पट्टे ठेवून ते जुळवता येईल, असेही त्यात सुचवले आहे. सिलिसीनला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, कारण त्याची जाळी मुळातच सुरकुतलेली आहे.

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ग्राफीन व इतर द्विमितीय पदार्थांपासून सूक्ष्म उपकरणे तयार करून त्यांचे विद्युत मापन करतो. मात्र ग्राफीन हवेत हाताळता येते. सिलिसीनच्या बाबतीत ही सोय नाही.

मर्यादा

सिलिसीनचा पहिला ट्रान्झिस्टर २०१५ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे देजी अकिनवांडे यांच्या गटाने इटलीतील संशोधकांच्या सहकार्याने तयार केला. थर चांदीवरून सोडवताना तो ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या आवरणाखाली ठेवला होता. उपकरण सामान्य तापमानाला चालले, परंतु उघड्या हवेत काही मिनिटांतच निकामी झाले. रूपांतरित थर अधिक काळ टिकतात, पण जोडलेल्या गटांमुळे इलेक्ट्रॉनांचा वेगवान प्रवास सहसा मंदावतो, आणि सिलिसीनकडे लक्ष वेधले गेले ते त्या वेगामुळेच.