घरचे इंटरनेट : वेग किती, खर्च किती आणि गरज किती?

पालक-सभेत मुलांच्या अभ्यासाची चौकशी झाली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. घरी किती वेगाचे इंटरनेट घ्यावे? जाहिरातीत तीस, शंभर, तीनशे असे आकडे असतात, दुकानदार मोठ्या आकड्याची शिफारस करतो, आणि मुले तर शंभराच्या खाली बोलायलाच तयार नसतात. दुसरीकडे याच सभेत शेवटच्या बाकावर असेही पालक बसलेले असतात, ज्यांच्या घरी तारेचे इंटरनेट नाहीच. ते हा प्रश्न विचारत नाहीत. म्हणून या लेखात दोघांचाही विचार करू.

प्रथम आकड्यांचा अर्थ पाहू. मुलांनो, वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे ‘३० एमबीपीएस’चे कनेक्शन सेकंदाला ३० नव्हे, तर पावणेचार मेगाबाइट आणते. समजा, पाठ्यपुस्तकाची एक पीडीएफ ३० मेगाबाइटची आहे. ती या वेगाने आठ सेकंदांत उतरते. भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्यानंतर काही वर्षांनी घरोघरी आलेल्या ५६ किलोबिटच्या मोडेमवर हीच फाइल उतरायला सव्वा तास लागला असता, तोही मध्येच कोणाचा फोन आला नाही तर! २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. त्या वेगाने याच फाइलला सुमारे सोळा मिनिटे लागतात. ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे सरकारी व्याख्येप्रमाणे आज दोन मेगाबिटचे कनेक्शनही ब्रॉडबँडच. अमेरिकेने हीच किमान मर्यादा मार्च २०२४ मध्ये १०० मेगाबिटवर नेली. यातले कोणते माप आपल्या घराचे? माझ्या मते दोन्ही नाहीत.

घराचा हिशोब कागदावर मांडता येतो. व्हिडिओवरच्या वर्गाला चित्राच्या स्पष्टतेप्रमाणे एक ते चार मेगाबिट लागतात. टीव्हीवर फुल एचडी चित्रपट पाहायला पाच, आणि ‘फोर-के’ पाहायचा तर पंधराच्या आसपास. आता संध्याकाळी सातची वेळ घ्या. दोन्ही मुले शिकवणीच्या ऑनलाइन वर्गात आहेत, त्यांचे आठ धरू. वडिलांची ऑफिसची मीटिंग चालू आहे, चार. आजी अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओवर बोलते आहे, दोन. दिवाणखान्यात टीव्ही चालू आहे, पाच. बेरीज एकोणीस. असे भरलेले घरही तीस मेगाबिटमध्ये बसते. टीव्ही फोर-के झाला तर बेरीज एकोणतीसवर जाते, तेव्हा तीस काठोकाठ पुरतात. मोठे गेम उतरवणारा किंवा घरातून व्हिडिओ-संकलनाचे काम करणारा कोणी असेल, तरच शंभराचा विचार करावा. बाकीच्यांनी तीनशेचे पैसे मोजण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

मग तीस, चाळीस, शंभर घेऊनही वर्ग का अडकतो? याची कारणे तीन-चार आहेत, आणि बहुतेकांचा प्लॅनच्या आकड्याशी संबंध नाही.

जाहिरातीत सर्वांत महत्त्वाचा शब्द सर्वांत बारीक छापलेला असतो, तो म्हणजे ‘पर्यंत’. शंभर नव्हे, शंभर ‘पर्यंत’. सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी एकच असते. सकाळी सात वाजता सगळे नळ एकदम सुटले की तिसऱ्या मजल्यावर धार बारीक होते. इंटरनेटचेही तसेच असते. परिसरातली अनेक घरे पुढे एकाच वाटेने जातात, आणि सगळी एकाच वेळी पूर्ण वेग वापरणार नाहीत असे गृहीत धरूनच ती वाट बांधलेली असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी पन्नासास एक असे प्रमाण कंपन्यांना घालून दिले होते. म्हणून वेगाची चाचणी पहाटे घेऊन खूश होऊ नये. रात्री नऊला घ्यावी, सलग चार-पाच दिवस, आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत.

दुसरे कारण घरातच असते. कंपनीची तार राउटरपर्यंत येते, पुढचा प्रवास वाय-फायचा. बहुतेक राउटर दोन लहरींवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून बरी जाते, पण तिचा वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांचीही त्यावरच गर्दी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण एका जाड भिंतीनेही थकते. आपल्या वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चांगल्या हातभर जाडीच्या. तिथे राउटर दाराजवळ चपलांच्या कपाटामागे आणि मुलगा आतल्या खोलीत, मग कंपनीने हजार मेगाबिट दिले तरी त्याच्यापर्यंत पोहोचणार किती? राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर ठेवावा. दोष कोणाचा हे ठरवायचे असेल तर संगणक तारेने थेट राउटरला जोडून चाचणी घ्यावी. तिथे पूर्ण वेग आला आणि वाय-फायवर आला नाही, तर कंपनीशी भांडून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वर जाणारा वेग, ज्याला अपलोड म्हणतात. ऑनलाइन वर्गात शिक्षकांचे चित्र खाली येते, पण मुलाचा चेहरा, आवाज आणि उत्तरपत्रिकेचे फोटो वर जातात. जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये वरचा वेग खालच्यापेक्षा बराच कमी असे. २०२० साली अनेक मुलांचा आवाज तुटत होता, त्यामागे हेही एक कारण होते. आज फायबरवर बऱ्याच कंपन्या दोन्ही वेग सारखे देतात, पण सगळ्या नाहीत. कनेक्शन घेताना ‘अपलोड किती?’ हे विचारावे. समोरच्याला उत्तर देता आले नाही, तर त्यातूनही काही कळतेच!

आता खर्च. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओची फायबर सेवा सुरू झाली तेव्हा सर्वांत स्वस्त योजना महिना ६९९ रुपयांची होती. वर्षभरात, सप्टेंबर २०२० मध्ये, ३० मेगाबिटची योजना ३९९ रुपयांना आली आणि इतरांनाही दर त्याच सुमारास आणावे लागले. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो हे मात्र लक्षात ठेवावे. ३९९ चे हातात पडणारे बिल सुमारे ४७१ रुपयांचे असते. वर्षाचे ५,६५० रुपये झाले.

हे महाग की स्वस्त? संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये एक माप सुचवले. प्राथमिक इंटरनेटचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा. हे माप देशांसाठी आहे, पण घराला लावून पाहायला हरकत नाही. महिना साठ हजार मिळवणाऱ्या घराला ४७१ रुपये म्हणजे एक टक्काही नाही. पंधरा हजार मिळवणाऱ्या घराला तेच तीन टक्क्यांहून जास्त. दोन टक्क्यांत बसवायचे तर घरचे उत्पन्न साडेतेवीस हजारांच्या पुढे हवे. आणि यात तीन किंवा सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागण्याची पद्धत धरलेली नाही. रोजंदारीवरच्या घराला महिन्याच्या दरापेक्षा तो एकरकमी भारच जड जातो.

म्हणून अशी घरे मोबाइलच्या रिचार्जवर भागवतात. जुलै २०२४ च्या दरवाढीत रोज दीड गिगाबाइटचा २८ दिवसांचा जिओचा रिचार्ज २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. २८ दिवसांचा महिना म्हणजे वर्षातून बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २९९ च्या दराने वर्षाला ३,८८७ रुपये, तेही एका फोनचे. घरात असे दोन फोन असले की खर्च तारेच्या इंटरनेटच्या पुढे जातो. आणि मिळते काय? दीड मेगाबिटने चालणारा व्हिडिओवर्ग तासाला सुमारे ६७५ मेगाबाइट खातो. पाऊण तासाचे तीन तास झाले की त्या दिवसाचा डेटा संपला! पुढे वेग बहुधा ६४ किलोबिटवर येतो, म्हणजे पुन्हा जुन्या मोडेमच्या काळात. उलट तारेच्या योजनेत महिन्याला ३,३०० गिगाबाइटसारखी मर्यादा असते. रोज तीन तास फुल एचडी पाहिले तरी महिन्याचे दोनशेच्या आसपासच होतात. गरीब घर थोडे थोडे विकत घेते आणि म्हणून महाग घेते. किराणा दुकानातली सुटी साखर जशी, तसेच हे.

घरी तार आली म्हणून फोनचा रिचार्ज बंद करता येत नाही, हे खरे. पण डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठीचा रिचार्जही ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. घरी वाय-फाय असेल आणि आजोबा फोनवर फक्त बोलत असतील, तर त्यांच्यासाठी डेटाचे पैसे भरायची गरज नाही. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

देशाचे चित्र पाहिले तर २०२४ अखेर भारतात सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड जोडण्या होत्या, आणि त्यांतल्या तारेच्या जेमतेम चार कोटी. शंभरात चार. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत निम्म्या घरांत तारेचे ब्रॉडबँड आणि प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिट असे उद्दिष्ट ठेवले होते. २०११ च्या जनगणनेतच देशात जवळजवळ २५ कोटी कुटुंबे होती, तेव्हा चार कोटी म्हणजे किती, हे सातवीच्या मुलांनी काढून पाहावे.

त्यामुळे मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे : ज्याच्या घरी तार आहे, त्याच्या गरजेला आजचा स्वस्तातला वेगही पुरतो आणि दरही परवडतो. ज्याच्याकडे नाही, त्याला शंभर आणि तीनशेच्या चर्चेचा काहीच उपयोग नाही. आपल्या शाळेत दोन्ही प्रकारची घरे आहेत. गृहपाठाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना शिक्षक नकळत पहिल्याच घराचा विचार करतात. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहातल्या मोबाइलबंदीविरुद्ध एका विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. आपल्या गावाला तर हा विचार नवा वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१० नंतर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. वाचकाला परवडेल तेव्हा तो पुस्तक घेईल, म्हणून ते थांबले नाहीत.

विश्वस्त मंडळाला म्हणूनच एक विनंती आहे. शाळेची संगणक-खोली दुपारी बंद होते, तिथले कनेक्शन मात्र चोवीस तास चालू असते आणि त्याचे पैसेही भरले जातात. ती खोली शाळा सुटल्यावर दोन तास उघडी ठेवावी. एका शिक्षकाच्या मानधनापलीकडे फारसा खर्च येणार नाही.

ज्यांचे कनेक्शन आहे पण नीट चालत नाही, त्यांनी गप्प बसू नये. कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला शुल्क नाही. रात्री नऊच्या चाचणीचे वहीतले आकडे तिथे कामी येतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिफोन-इंटरनेटच्या तक्रारी तिथे चालतात की नाही याबद्दल बरीच वर्षे संभ्रम होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या चालतात असा निर्णय दिला.

या अंकाबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक छोटा कागद दिला आहे. घरी तारेचे इंटरनेट आहे का, रात्री नऊला वेग किती येतो, महिन्याला खर्च किती होतो आणि अभ्यासासाठी फोन किती वेळ मिळतो, एवढेच त्यात विचारले आहे. नाव लिहायचे नाही. घरी एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जाऊन रात्री आठला परत येत असेल, तर तसेच लिहावे. संगणक-खोलीची वेळ त्यावरूनच ठरवायची आहे.