जुन्या जीपचा मागचा ॲक्सल कसा ओळखावा

जुनी विलीज जीप विकायला निघाली की विकणारा एक वाक्य हमखास टाकतो: "मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग आहे, कंपनीचा ओरिजिनल, आता शोधून मिळत नाही." वाक्य संपेपर्यंत किंमतही चढलेली असते. यातलं 'फुल-फ्लोटिंग' बहुधा खरं निघतं. 'कंपनीचा ओरिजिनल' मात्र तपासून घ्यावं लागतं. त्यासाठी आपण मेकॅनिक असायला हवं असं नाही. एक जॅक, तारेचा ब्रश, खडू, विजेरी आणि मदतीला एक माणूस एवढं पुरतं.

आधी दोन-तीन शब्द समजून घेऊ. ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस. बाहेरून दिसतं ते हाउसिंग, म्हणजे त्याचं पोलादी कवच. त्याच्या फुगीर भागात डिफरेन्शियल असतं. इंजिनाकडून आलेली फिरकी दोन्ही चाकांना वाटून देणारी ही दातेरी चक्रं. तिथून प्रत्येक चाकाकडे एकेक शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा जातो.

सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये हा शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हाउसिंगच्या टोकावरच्या बेअरिंगांवर असतं. शाफ्टला फक्त फिरवण्याचं काम उरतं. म्हणून फुल-फ्लोटिंगचा शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, आणि चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट बाहेर ओढून काढता येतो.

दुर्मीळ नेमकं काय?

दुसऱ्या महायुद्धातल्या दोन्ही जीप, विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, अमेरिकन सैन्याच्या दप्तरी 'पाव टनी, चारही चाकांवर चालणारा ट्रक' म्हणून नोंदलेल्या होत्या. त्यांचा मागचा ॲक्सल स्पायसर कंपनीचा २३-२, फुल-फ्लोटिंग. अशा जीप सहा लाखांहून जास्त बनल्या. म्हणजे हा ॲक्सल मुळात दुर्मीळ नाही.

१९४५ साली विलीजने नागरी वापरासाठी सीजे-२ए काढली. तिच्या पहिल्या गाड्यांना हाच फुल-फ्लोटिंग ॲक्सल होता. अनुक्रमांक १०००१ पासून सुरू झाले आणि १३४५३ च्या सुमारास मागचा ॲक्सल बदलून सेमी-फ्लोटिंग ४१-२ आला. १९४९ पर्यंत सीजे-२ए दोन लाखांच्या वर बनल्या. त्यांत कारखान्यातूनच फुल-फ्लोटिंग ॲक्सल घेऊन आलेल्या गाड्या जेमतेम साडेतीन हजार. दुर्मीळ म्हणायचं ते याला.

आपल्याकडे घोळ वाढायला आणखी एक कारण आहे. युद्धानंतर इथे राहिलेल्या लष्करी जीप डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे गॅरेजवाल्यांनी जो भाग हाताशी आला तो बसवून गाड्या चालत्या ठेवल्या. त्यामुळे एकीचा ॲक्सल दुसरीखाली सापडणं अगदी नेहमीचं.

पायरी १: आधी गाडी कोणती ते ठरवा

समोरच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धकाळातल्या एमबीला नऊ, नागरी सीजेला सात. सीजे-२ए ला मागे खाली उघडणारी फळी असते, एमबीला नसते. बॉनेट उंच, पेटीसारखं दिसत असेल तर ती सीजे-३बी. अमेरिकन सीजे-३बी सेमी-फ्लोटिंग ॲक्सलवरच आली, तेव्हा तिच्याखाली फुल-फ्लोटिंग दिसला तर तो नंतर बसवलेला.

मग क्रमांकाची पट्टी पाहा आणि तो आकडा आरसी बुकाशी ताडून घ्या. जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या पट्ट्या बाजारात मिळतात. पट्टी चकचकीत आणि रिव्हेट कोरे करकरीत असतील तर त्या एका पुराव्यावर विसंबू नका. सुरुवातीच्या सीजे-२ए ला गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता. तोही जागेवर असेल तर क्रमांकाला चांगला दुजोरा मिळतो.

पायरी २: मागच्या चाकाचा मधला भाग पाहा

चाकाच्या मधोमध माती आणि ग्रीसचा थर असतो. ब्रशने तो खरवडून काढा. चाक धरून ठेवणारे पाच नट बाजूला सोडा आणि त्यांच्या आतल्या वर्तुळात काय आहे ते पाहा.

बाहेर आलेला हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आणि त्यावर सहा बोल्टांनी आवळलेली गोल चकती दिसली तर ॲक्सल फुल-फ्लोटिंग. मधोमध एकच मोठा नट आणि त्यातून आरपार गेलेली स्प्लिट पिन दिसली तर सेमी-फ्लोटिंग. वर पत्र्याची टोपी असेल तर ती आधी काढा. शंका आली तर पुढचं चाक पाहा. पुढचा ॲक्सल फुल-फ्लोटिंगच असतो, त्यामुळे नमुना समोरच मिळतो.

एक सावधगिरी. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे मुळात उलटे असतात, नट उजवीकडे फिरवला की सुटतो. हे ठाऊक नसलेला माणूस पान्यावर नळी चढवून जोर लावतो आणि स्टड मोडून ठेवतो. नटावर किंवा स्टडच्या टोकावर काही खूण आहे का ते आधी पाहा, आणि सुटत नसेल तर दिशा तपासल्याशिवाय जोर वाढवू नका.

पायरी ३: हाउसिंगवरचे आकडे वाचा

सहा बोल्ट दिसले म्हणून काम संपलं नाही. सेमी-फ्लोटिंग ॲक्सलला फुल-फ्लोटिंग करणारे जोडसंचही एके काळी विकले जात. अमेरिकेत वॉर्न कंपनीचे असे संच चांगलेच खपले. हब नवा आणि हाउसिंग मूळचं, अशी ती जोडणी.

म्हणून गाडीखाली विजेरी मारा. डिफरेन्शियलचा फुगीर भाग मधोमध नसून उजव्या बाजूला सरकलेला दिसेल. त्याच्या कण्यांवर, म्हणजे उठावाच्या पट्ट्यांवर, ओतकामातच उमटलेले आकडे शोधा. ४१ किंवा ४४ असा सेमी-फ्लोटिंग ॲक्सलचा आकडा दिसला आणि हब सहा बोल्टांचा असेल, तर तो जोडसंच.

स्पायसर कंपनीचं नाव १९४६ मध्ये डाना झालं, म्हणून एकाच ॲक्सलला कुणी स्पायसर म्हणतं, कुणी डाना. दोन्ही बरोबर. आकडा वाचता येत नसेल तर रॉकेल लावून पुन्हा ब्रश मारा. रंगाचे थर साचले असतील तर खडू आडवा घासा, म्हणजे उठाव उमटून येतो.

पायरी ४: फेरे मोजा

सगळ्यात बोलका पुरावा इथे मिळतो. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरपेटीकडून ॲक्सलकडे येणारा लांब दांडा, किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, याला गुणोत्तर म्हणतात. एमबीच्या ॲक्सलमध्ये मोठ्या चक्राला ३९ आणि लहानाला ८ दाते, म्हणजे ४.८८. सीजे-२ए मध्ये ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. सुरुवातीच्या सीजे-२ए चा हब एमबीसारखाच फुल-फ्लोटिंग, पण दाते वेगळे.

गाडी सपाट जागी घ्या. या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलांकडे फिरकी पाठवणारी पेटी, तिच्यामागच्या ड्रमवर तो लागतो आणि हाच प्रोपेलर शाफ्ट धरून ठेवतो. मोजताना तो सोडावा लागतो आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकावी लागते. अशा वेळी गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून जमिनीवरच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा पाचर लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका, आणि गाडीखाली शिरू नका.

मागचं एकच चाक उचला. त्या चाकावर आणि शाफ्टवर खडूची एकेक रेघ ओढा. चाक थोडं फिरवून दात्यांमधली ढिलाई काढून टाका आणि मगच मोजणी सुरू करा. आता चाक एकाच दिशेने वीस वेळा फिरवा. मदतनीसाने बाजूला बसून शाफ्टचे फेरे मोजावेत. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे चाकाचे वीस फेरे हिशेबात दहाच धरायचे.

शाफ्ट पावणेएकोणपन्नास वेळा फिरला तर गुणोत्तर ४.८८. पावणेचौपन्न वेळा फिरला तर ५.३८. बरेच जण चाक दोनदा फिरवून 'पाचच्या आसपास' म्हणतात आणि फसतात. दोन फेऱ्यांत हा फरक अर्ध्या फेऱ्याचा असतो, वीस फेऱ्यांत पाच फेऱ्यांचा होतो.

उचललेलं चाक हलतच नसेल तर डिफरेन्शियल कुणीतरी लॉक केलेलं असू शकतं. मग दोन्ही मागची चाकं भक्कम स्टँडवर घ्या आणि दहा फेरे मोजा.

पायरी ५: झाकणाजवळ दात्यांची खातरजमा करा

डिफरेन्शियलच्या झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली असते. तिच्यावर दात्यांचे आकडे असतात. पण पट्टी नसली किंवा एका ॲक्सलची दुसऱ्याला लागली, असं सर्रास होतं. आपल्या मोजणीशी ती जुळत नसेल तर मोजणी खरी धरा.

विकणारा राजी असेल तर झाकण काढून आतले दाते मोजता येतात. तेल आधी काढून घ्या. झाकण पेचकसाने उचकटू नका. धातूला चरा पडला की नवं गॅस्केट लावूनही तिथून तेल झिरपत राहतं.

पायरी ६: सगळं एकत्र मांडा

क्रमांक १३४५३ च्या आतला, हब सहा बोल्टांचा, हाउसिंगवर ४१ किंवा ४४ नाही आणि मोजणी पावणेचौपन्न: असं चारही बाजूंनी जुळलं तर ॲक्सल गाडीचा मूळचा असण्याची शक्यता भक्कम. बाकी सगळं जुळून मोजणी पावणेएकोणपन्नास आली, तर ॲक्सल किंवा निदान त्याची आतली चक्रं लष्करी जीपची. दाते बदलता येत असल्यामुळे फक्त मोजणी जुळणं पुरेसं नाही. क्रमांकाची साथही हवीच.

लष्करी ॲक्सल निघाला म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही. पण पुढच्या ॲक्सलचीही मोजणी करा. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल तर फोर-व्हील लावताच दोन शाफ्टांना दहा टक्क्यांच्या फरकाने फिरायचं असतं आणि ट्रान्सफर केस त्यांना तसं फिरू देत नाही. डांबरी रस्त्यावर टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं, शेवटी जॉइंट किंवा दाते तुटतात. टू-व्हीलमध्ये फेरफटका मारून गाडी घेणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही.

पुढची मोजणी मागच्यासारखीच करायची. फक्त दगड आता मागच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवरच्या पुढच्या चाकाला लावा. चाकावर मोकळे सोडता येणारे हब बसवलेले असतील तर ते आधी जोडून घ्या, नाहीतर चाक फिरेल आणि शाफ्ट जागचा हलणार नाही. दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. ते जुळत नसतील तर एका ॲक्सलची चक्रं बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.